सत्तर भोकांचं कार्ड

सोमवारी सकाळी शिरगुप्पेसाहेबांनी पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर पालथं केलं आणि आमचीच कार्डं आमच्यासमोर येऊन पडली. तळहाताएवढी, तपकिरी. शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये बसायची ती. विहिरीतलं पाणी तळाला गेलं की मोटर बंद करायची, एवढंच त्यांचं काम. मागच्या महिन्यात आम्ही शंभर पाठवली होती, त्यातली एकवीस परत आली होती.

साहेबांनी डोळ्याला भिंग लावलं, एक कार्ड उलटं धरलं आणि पेन्सिलच्या टोकानं एक जागा दाखवली.

"नजमा, हे बघ. सोल्डर सुटलंय. इथं पण. आणि इथं पण. मोटर थरथरली की निसटतंय. तिकडं माणसाचा पंप जळतोय आणि बोलणी मी खातोय."

नजमा मुल्ला माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची आणि सोल्डर करायची, म्हणजे पार्टचे पाय वितळलेल्या कथलानं कार्डाला जोडायची. तिशीची, सडपातळ, आयटीआय शिकलेली. पूर्वी कुणी पाहुणा आला की साहेब तिचं कार्ड हातात घेऊन दाखवायचे, 'हे हाताचं काम आहे, मशीनचं नाही' म्हणून. तिनं ते कार्ड घेतलं, उजेडाकडं धरलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"शनिवारी पंचवीस कार्डं द्यायची आहेत," साहेब म्हणाले. "कंपनीचा माणूस इथं येऊन तपासणार आहे. त्यात एक जरी सुटलं तर सोल्डरला मी दुसरं माणूस बघणार. सहा वर्षं झाली तुला, म्हणून आधी सांगतोय."

"बरं," नजमा म्हणाली.

मी माझ्या ड्रिलसमोर बसले होते. उजवा हात टेबलाखाली होता आणि डाव्या हातानं मी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

याला आता चौदा वर्षं झाली. शिरगुप्पेसाहेबांचं युनिट म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्यावरचा लांबट हॉल. माझं काम भोकं पाडायचं. कार्डाची तांब्याच्या रेघा उठवलेली कोरी पाटी माझ्याकडं यायची. जिथं पार्टचा पाय घालायचा असेल तिथं तांब्याची कडी असायची, मसुराच्या डाळीपेक्षा लहान. त्या कडीच्या बरोबर मध्यावर भोक पडायला हवं. एका कार्डाला सत्तर. भोक मध्यावर असेल तर चारी अंगांनी तांबं राहतं आणि सोल्डर त्याला धरून बसतं. भोक सरकलं तर एका बाजूला तांबं उरतच नाही. वरून थेंब चकचकीत दिसतो, पण आत धरायला काही नसतं.

साहेब भिंगातून तो थेंब बघत होते. त्याच्या खालचं भोक कुणाला दिसत नव्हतं.

अकरा वर्षं मी ते काम केलं होतं आणि माझं भोक कधी सरकलं नव्हतं. पण त्या आधीच्या गणपतीपासून माझा उजवा हात थरथरायला लागला होता. सकाळी थोडा, दुपारी जास्त. मी कोपर टेबलाला टेकवून बघितलं, मनगटाला पट्टा बांधून बघितला. सुरुवातीला दहातलं एखादं भोक चुकायचं. नंतर नंतर मी मोजायचं सोडून दिलं.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. माझे वडील गडहिंग्लजला शिंपी होते आणि त्यांचा हात असाच सुरू झाला होता. त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. रोजची माणसं दुकानासमोरून नमस्कार करत पुढं जायची आणि पुढच्या चौकातल्या दुकानात कापड टाकायची. दोन वर्षांत वडिलांच्या मशीनवर शिवायला काही उरलं नाही. ते नुसते दारात बसायचे. मी तेव्हा नववीत होते. हात दिसला की माणसं सोडून जातात, एवढंच मी त्यातून शिकले.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता शाहूपुरीत उत्तमभावजींच्या दुकानात गेले. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. झेरॉक्सचं दुकान होतं आणि जोडीला प्रिंटर दुरुस्ती. दुकानामागच्या खोलीत भंगार प्रिंटरांचा ढीग होता, आणि त्या ढिगासमोर पाटावर ते वर्षभर काहीतरी जोडत बसायचे. इंटरनेटवर बघून स्वतःच भोकं पाडायचं मशीन करायचं त्यांच्या डोक्यात होतं. कॉम्प्युटर सांगेल तिथं जाऊन भोक पाडणारं. पूर्वी मी त्यांना हसले होते.

"भावजी, ते तुमचं मशीन शनिवारच्या आत होईल का?"

त्यांनी झेरॉक्सचं झाकण खाली केलं आणि माझ्याकडं बघितलं. "तुम्हीच म्हणाला होता ना वैनी, की या खेळण्यानं लाकडाला सुद्धा भोक पडायचं नाही."

"म्हणाले होते. ऑर्डर मोठी आहे. हातानं पुरं होणार नाही."

पंचवीस कार्डं मला दीड दिवसाचं काम. हे त्यांना माहीत नव्हतं.

"विचार काय करायचा त्यात," ते म्हणाले. "बसा."

मशीन म्हणावं असं त्यात काही नव्हतं. जुन्या प्रिंटरचे दोन चकचकीत दांडे, त्यावर पुढंमागं सरकणारी लाकडी फळी. फळीला नट, नटातून आटे पाडलेला रॉड, रॉडच्या टोकाला प्रिंटरमधलीच छोटी मोटर. तसाच दुसरा संच आडवा आणि तिसरा उभा, वरखाली करायला. उभ्याला ड्रिल. विकत आणलेल्या वस्तू दोनच, मोटरांना हुकूम देणारी एक सर्किटची पाटी आणि ड्रिल पकडायचा चक. बाकी सगळं भंगारातलं, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातलं.

पहिल्या दिवशी भावजींनी ड्रिलच्या जागी बॉलपेन बांधलं. "आधी कागदावर चालवायचं. ड्रिलचं बिट मोडण्यापेक्षा कागद वाया गेलेला बरा."

पेननं चौकोन काढायचा होता. चौथी रेघ पहिलीला येऊन मिळालीच नाही. भावजींनी नट बोटांत धरून हलवला. "यात मोकळीक आहे. दिशा बदलली की रॉड जरा फिरतो, पण नट जागचा हलत नाही."

मंगळवारी त्यांनी एकेका रॉडवर दोन नट घातले आणि मध्ये प्रिंटरमधली स्प्रिंग दाबून बसवली, म्हणजे नट दोन्हीकडून आट्यांना चिकटून राहतील. चौकोन मिटला. मग फळी थरथरते म्हणून सगळं मशीन कडप्प्यावर बसवलं. शेजारच्या इमारतीत ओटा फोडला होता, तिथला तुकडा भावजी स्कूटरवर पायात घेऊन आले.

दिवसा मी युनिटमध्ये बसायचे आणि साहेबांना सांगायचे की बिटं बोथट झालीत, नवी आली की सगळी पंचवीस एकदम करते. साहेब दुसऱ्या कामात होते, त्यांनी मान हलवली.  नजमासमोर टेबल रिकामं होतं. बुधवारी तिनं सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक तीनदा घासून साफ केलं. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. दुपारी पोट दुखतंय म्हणून तिच्याबरोबर जेवायलाही बसले नाही.

बुधवारी संध्याकाळी भावजींनी आमची एक पाटी स्कॅनरवर ठेवली आणि तिचं चित्र कॉम्प्युटरवर घेतलं. आता प्रत्येक कडीच्या मध्यावर माउसनं खूण करायची होती, म्हणजे मशीनला सत्तर जागा कळतील.

"हे तुम्ही करा, वैनी. तुमच्या रोजच्या जागा आहेत."

मी माउस हातात घेतला. पडद्यावर ती कडी बशीएवढी मोठी दिसत होती आणि तिच्यावर बाण थरथरत होता. टेबलावर जे नखाएवढं हलायचं ते तिथं बोटभर हलत होतं. मी दोन्ही हातांनी माउस दाबून धरला. बाण थांबला नाही.  मागं उभे असलेले भावजी हे बघतायत हे मला मान न वळवता कळत होतं.

"माउस खराब आहे वाटतं," मी म्हणाले.

"होय, जुना झालाय," ते म्हणाले. "उठा तुम्ही. नुसतं सांगा, मी खुणा करतो."

मी उठले. मागं उभी राहून सांगत गेले, जरा डावीकडं, जरा वर, हां. सत्तर खुणा झाल्यावर त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि पेला अर्धाच भरला होता.

गुरुवारी मी लवकर सुटी घेतली आणि पाट्या पिशवीत घालून दुकानात गेले. चार वाजता भावजींनी चकमध्ये बिट लावलं, पाटीखाली प्लायवूडचा तुकडा घातला आणि मशीन सुरू केलं. ड्रिल पहिल्या कडीवर गेलं, खाली उतरलं, वर आलं. भोक मध्यावर. दुसरं, तिसरं. मी भिंग घेऊन वाकले होते. तीस भोकं मध्यावर पडली. पस्तिसावं केसभर डावीकडं वाटलं. चाळिसावं नक्की डावीकडं होतं. पन्नासाव्याला बिट कडीच्या काठावर उतरलं, घसरलं आणि मोडलं.

 हे तर माझ्या हातासारखंच झालं.

भावजींनी दुसरी पाटी लावली. पुन्हा तसंच. तिसरीला तेच. तीन बिटं मोडली होती आणि आमच्याकडं चार उरली होती. उद्या सकाळी नजमाच्या टेबलावर पंचवीस पाट्या गेल्या नाहीत तर मला हातानं पाडायला बसावं लागणार होतं.

"मोटर तापून मार खात असेल," भावजी म्हणाले. त्यांनी तिच्यासमोर पंखा धरला. फरक पडला नाही.

मी मशीनच्या बाजूला खाली बसले. अकरा वर्षं एकच काम केलं की नजरेला एक सवय लागते, काय सरकतंय ते आधी दिसतं. मोटरचा दांडा आणि आट्यांचा रॉड यांना जोडायला भावजींनी स्कूटरच्या पेट्रोलच्या नळीचा तुकडा वापरला होता, दोन्ही टोकांना क्लिप आवळून.

"झेरॉक्सवर लावायचा तो पांढरा व्हाइटनर द्या."

मी त्यानं दांड्यावरून नळीवर आणि नळीवरून रॉडवर एक सरळ रेघ ओढली. ती वाकडीतिकडी आली, पण आली. सुकल्यावर भावजींनी मशीन चालवलं. वीस भोकांनंतर थांबवलं. नळीवरची रेघ आणि दांड्यावरची रेघ एकमेकींपासून दूर गेल्या होत्या.

"नळी आतल्या आत घसरतीय," भावजी म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मी हे महिनाभर शोधत बसलो असतो."

ते तसेच उठून उद्यमनगरात गेले आणि एका लेथवाल्याकडून पितळेचा तुकडा करून आणला, दोन्ही बाजूंनी भोक, आडवे स्क्रू. तो बसवल्यावर रेघ हलली नाही. पहिल्या पाटीची सत्तरच्या सत्तर मध्यावर पडली. साडेआठच्या सुमाराला पंचविसावी पाटी निघाली तेव्हा एक बिट शिल्लक होतं.

शुक्रवारी सकाळी मी पाट्या नजमाच्या टेबलावर ठेवल्या. तिनं वरची घेतली, खिडकीकडं धरली. सत्तर भोकांतून उजेड तिच्या तोंडावर पडला. बराच वेळ तिनं पाटी खाली घेतली नाही.

"हे तुम्ही केलेलं नाही, ताई."

"आमच्या भावजींनी मशीन केलंय. त्याच्यावर."

"चांगलं झालं." तिनं पाटी ठेवली आणि दुसरी उचलली. "आता तार लावायला नको."

"कसली तार?"

तिनं इस्त्री चालू केली. ती तापेपर्यंत माझ्याकडं न बघता बोलत राहिली, आवाज न चढवता. "ज्या कडीला तांबं उरलेलं नसायचं, तिथं मी बारीक तार वाकवून शेजारच्या रेघेला जोडत होते. वरून सोल्डर टाकलं की दिसत नाही. घाईत काही कड्या राहून जायच्या. परत आलेली एकवीस कार्डं त्यातलीच."

 मी स्टूल ओढलं.

"कधीपासून?"

"गणपतीपासून. तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला तेव्हापासून."

"मग सोमवारी साहेब बोलले तेव्हा सांगितलं का नाहीस?"

तिनं सोल्डरच्या तारेचं टोक इस्त्रीला लावून बघितलं. धूर निघाला.

"हात तुमचा आहे, ताई. मी कसं सांगणार?"

 दिवसभर ती ओळीनं पार्ट बसवत गेली, डाग देत गेली. मी समोर बसून होते. साहेब केबिनमध्ये होते, दार उघडं होतं, आठ पावलांवर. मी दोनदा उठले. एकदा पाणी पिऊन आले आणि एकदा खिडकी लावून आले.

शनिवारी कंपनीचा माणूस अकराला आला. जुनी मोटर एका चौकटीवर बसवलेली होती. तिच्यावर कार्ड आवळायचं, मोटर चालू करायची, पाच मिनिटं थरथरू द्यायची आणि समोरचा दिवा विझतोय का बघायचं. एक झालं, दोन झाली, दहा झाली. साहेब उभे राहून बघत होते. नजमा हात बांधून भिंतीशी उभी होती.

सतराव्या कार्डाला दिवा विझला.

साहेबांनी नजमाकडं बघितलं. ती जागची हलली नाही. आणि मला त्या क्षणी जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, सोल्डर असू दे. भोक नको.

कंपनीच्या माणसानं वाकून बघितलं आणि हसला. "तुमची क्लिप निसटली हो, साहेब." त्यानं दिव्याची वायर परत अडकवली. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. पंचवीसही कार्डं पास झाली.

तो गेल्यावर साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. मशीनबद्दल मी सकाळीच सांगितलं होतं. ते खुशीत होते. "चौगुलेबाई, तुमच्या दिरांना घेऊन या सोमवारी. असलं एक आपल्याकडं बसवू. तुम्हीच चालवायचं." मग ते नजमाकडं वळले. "आणि बघ, लक्ष दिलंस तर होतंय की."

नजमा खाली मान घालून इस्त्रीची वायर गुंडाळत होती. तिच्या बोटांचा वेग बदलला नाही.

चहाचा कप माझ्यासमोर होता. मी तो उजव्या हातानं उचलला, एकाच हातानं. बशीवर कप वाजायला लागला, चहा हिंदकळून माझ्या साडीवर सांडला. 

"साहेब," मी म्हणाले, "सोल्डर कधीच खराब नव्हतं. माझी भोकं सरकत होती. गणपतीपासून. ही पोर ती झाकून घेत होती."

साहेबांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग परत आलेल्या कार्डांतलं एक उचललं, इस्त्रीनं त्याचा थेंब वितळवून काढला आणि खालचं भोक भिंगातून बघितलं. दुसरं बघितलं. तिसरं बघितलं नाही.

मला वाटत होतं, ते आता हाताबद्दल विचारतील. औषध घेताय का, काम होईल का. त्याची उत्तरं मी रात्री तयार करून ठेवली होती.

"सोमवारी तुम्ही तिथंच बसला होता ना?" त्यांनी विचारलं.

"होय."

 मग ते नजमाच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं, नजमा."

ती म्हणाली, "तुम्ही वरनं बघत होता, साहेब."

माझी नोकरी गेली नाही. नंतर मी डॉक्टरांकडं गेले. वडिलांचा आजार तो नव्हता. हात असाच राहील, गोळीनं थोडा कमी होईल, असं ते म्हणाले. भावजींनी युनिटसाठी दुसरं मशीन केलं आणि मी ते नऊ वर्षं चालवलं. नजमाही आणखी चार वर्षं माझ्या शेजारी होती, मग तिनं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझ्या मुलीच्या लग्नात ती दोन दिवस घरी राहून राबली. आमच्यात काही बिघडलं, असं कुणी म्हणणार नाही.

पण त्या शनिवारी संध्याकाळी युनिट सुटल्यावर मी जिन्यात तिला गाठलं होतं. खाली लेथ बंद व्हायला लागले होते. ती चपला घालत होती.

"नजमा, चुकलं गं माझं. सहा महिने तू..."

तिनं चपलेचा पट्टा लावला आणि सरळ उभी राहिली.

"सहा महिन्यांचं काही नाही, ताई," ती म्हणाली. "ते मी माझ्या मनानं केलं. पण सोमवारनंतर तुम्हाला पाच दिवस लागले."

मग ती जिना उतरून गेली. मी वरच्या पायरीवर उभी होते. सोमवारी ती नेहमीच्या वेळेला आली, मला बघून हसली आणि पाट्या मागितल्या. ते वाक्य तिनं पुन्हा कधी काढलं नाही. मागंही घेतलं नाही.